इन्ट्युबेशनच्या (श्वासनलिकेत नळी घालायच्या) वेळी स्टाफला संसर्ग होऊ नये म्हणून छोट्या आयसीयूत नेमकं काय करायचं?

रंकाळा_चौपाटी

नमस्कार मंडळी. कोल्हापूर, जयसिंगपूर, गडहिंग्लज या पट्ट्यात दहा-वीस खाटांची हॉस्पिटलं भरपूर. पाच-सहा खाटांचा आयसीयू, कोपऱ्यात एक केबिन, केबिनमध्ये स्प्लिट एसी. निगेटिव्ह प्रेशर (खोलीतला दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे आतली हवा बाहेर गळत नाही) नुसतं ऐकून माहीत. कोविड ओसरला तशी पीपीईची खोकी माळ्यावर गेली. पण टीबी कुठं गेलाय? आणि फ्लूचा न्यूमोनिया पावसाळ्यात दारात असतोच.

उदाहरणादाखल केबिन १२ बाय १० फूट धरा, छत १० फुटांवर. एक दार, बाहेरच्या भिंतीला एक खिडकी. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा स्क्रीनवर दाखवणारा) आहे, कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटांत दाखवणारा) आहे. एवढ्यात नळी घालताना, काढताना आणि सक्शन करताना डॉक्टर, सिस्टर, मावशी-मामा यांना कसं वाचवायचं? "मास्क वापरा, काळजी घ्या" असलं सांगू नका, ते भिंतीवर चिकटवलेलं असतंच. मापं सांगा, क्रम सांगा, चुकतं कुठं ते सांगा.

भूलवाला_शाहूपुरी

आधी धोका कुठं आहे ते बघू, नाहीतर पैसे भलतीकडंच जातात.

२००३ च्या सार्सच्या साथीत नळी घालणाऱ्या स्टाफला लागण जास्त झाली. ते अभ्यास २०१२ मध्ये एकत्र तपासले तेव्हा न घालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ६.६ पट शक्यता निघाली. मग २०२० मध्ये ऑपरेशन थिएटरात हवेतले कण प्रत्यक्ष मोजले, तर पूर्ण भूल दिलेल्या, स्नायू शिथिल केलेल्या माणसाला नळी घालताना फारच थोडे कण निघाले. एका जोरदार खोकल्यात त्याच्या कितीतरी पट जास्त. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सार्सचे पेशंट धडपडत होते, खोकत होते, मास्कच्या कडेनं हवा फुसफुसत होती आणि डॉक्टरचं तोंड त्यांच्या तोंडापासून फूटभर अंतरावर होतं. म्हणून माझ्या लेखी सगळा खेळ दोनच गोष्टींचा: पेशंट खोकता कामा नये, आणि नळीचा कफ (टोकाजवळचा फुगा) फुगल्याशिवाय हवा ढकलायची नाही.

खोलीत तिघंच. नळी घालणारा, त्याचा मदतनीस, आणि औषधं देऊन मॉनिटर बघणारा. चौथा दाराबाहेर, पूर्ण पोशाख घालून तयार. सगळ्यात अनुभवी हातानं घालायची. शिकणाऱ्यांनी शिकायची ही केस नव्हे. ट्रॉली बाहेर लावायची आणि लागणारंच आत न्यायचं: नळी बाईला ७ ते ७.५, पुरुषाला ८, एक लहान साईज जादा, स्टायलेट (नळीला आकार देणारी तार), बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी), १० मिलीची सिरिंज, गेडेल एअरवे (जीभ मागं पडू न देणारी तोंडातली नळी), सुप्राग्लॉटिक (स्वरयंत्रावर बसणारी पर्यायी नळी) एक, क्लॅम्प, टेप. सक्शन चालू करून उशीखाली.

प्री-ऑक्सिजनेशन (आधी ऑक्सिजन भरून घेणं) ३ ते ५ मिनिटं, मास्क दोन्ही हातांनी दाबून. एका हाताची 'सी-ई' पकड इथं विसरा. दोन्ही अंगठ्यांचे तळ मास्कच्या दोन बाजूंना आणि बाकीची बोटं जबड्याच्या कोनामागं, म्हणजे 'व्ही-ई'. मास्कला लागूनच फिल्टर, मग कॅथेटर माउंट (लवचिक जोडनळी), मग बॅग. बॅग दाबायची नाही, पेशंटला स्वतःच्या श्वासानं ऑक्सिजन घेऊ द्यायचा. पाठ ३० अंश वर.

औषधं एकामागोमाग एक, झटपट. भुलीला केटामिन १ ते २ मिग्रॅ प्रति किलो, लगेच स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ प्रति किलो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोक्युरोनियम ७२ मिग्रॅ. ५० मिग्रॅची एक व्हायल फोडून भागत नाही, आणि चूक नेमकी इथंच होते. कमी डोस, घाई, ४० सेकंदांत ब्लेड आत, आणि पेशंट थेट तोंडावर खोकतो. पूर्ण ६० सेकंद घड्याळावर मोजा. त्याऐवजी स्कोलिन असेल तर १.५ मिग्रॅ प्रति किलो, पोटॅशियम आधी बघून. बीपी चढवायला नॉरअॅड्रिनालिन भरून ठेवा. बीपी पडलं की सगळे पेशंटवर वाकतात आणि शिस्त तिथंच मोडते.

मधेच सॅच्युरेशन घसरलं तर श्वास द्यावाच लागेल. माणूस वाचवणं पहिलं. गेडेल घाला, एकानं मास्क दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्यानं बॅग हलकी, छाती जेमतेम उचलेल इतकीच दाबायची.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा खरा फायदा अंतराचा. डोळे स्क्रीनवर, हात सरळ, तोंड दीड-दोन फूट लांब. साधा लॅरिंगोस्कोप असला की डोकं आपसूक खाली जातं.

नळी आत गेली की आधी कफ, मग फिल्टरसकट सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या), आणि त्यानंतरच व्हेंटिलेटर चालू. हा क्रम फळ्यावर लिहा. कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी, मॅनोमीटरनं मोजून; बोटानं फुगा चाचपून कळत नाही. खात्री कॅप्नोग्राफवर, पाच-सहा सलग लाटा बघून. स्टेथोस्कोप नको. हूडच्या आत तो जात नाही आणि घुसवायच्या नादात चेहरा चाचपला जातो. नळी किती आत गेली ते दातांपाशी वाचा: बाईला २१, पुरुषाला २३ सेंमीच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंनी छाती सारखी उचलते का ते बघा.

मिसळ_आणि_कट

एक शंका. यात सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) करावा लागला तर?
(कोल्हापूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये, इथल्या सरकारी दवाखान्यालाही 'सीपीआर'च म्हणतात; मी त्या दसरा चौकाजवळच्या दवाखान्याबद्दल बोलत नाहीये.)

भूलवाला_शाहूपुरी

हा हा. बाहेरगावचा रेसिडेंट "पेशंटला सीपीआर द्या" म्हणाला, की नातेवाईक रिक्षा बोलावतात ते यामुळंच.

छाती दाबायला घेण्याआधी दाबणाऱ्याचा एन-९५ आणि चष्मा चढलेला हवा. जे २० सेकंद जातात ते जाऊ द्या. शॉक द्यायचा असेल तर पॅड लावून तो आधी द्या, त्याला तोंडाजवळ जावं लागत नाही. बॅगला फिल्टर आणि मास्क दोन हातांनी, ३० दाब झाले की थांबून २ श्वास. छाती दाबली जात असताना बॅग दाबली की सगळी हवा कडेनं बाहेर.

सिस्टर_राजारामपुरी

डॉक्टरांनी पोशाख दोन शब्दांत उरकला. लागण मात्र बऱ्याचदा पोशाख काढताना होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मास्क. नायॉशची (अमेरिकेची सरकारी संस्था) मान्यता असलेल्या एन-९५ वर टीसी-८४ए पासून सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो आणि दोन पट्टे डोक्यामागून जातात. भारतीय मानक आयएस ९४७३, त्यातला एफएफपी-२ किंवा ३ घ्या. कानाला अडकवायचे पांढरे मास्क गठ्ठ्यानं स्वस्त मिळतात. ते बाजाराला जायला ठीक, या कामाला नकोत. झडपेचे पण नकोत. घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो.

वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर, खालचा कानांखालून मानेवर. फुली मारू नका. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. एका हाताच्या चिमटीनं दाबली की मधे टोक निघतं आणि नाकाच्या दोन्ही अंगांना फट पडते. मग दोन्ही तळवे झाकून जोरात श्वास सोडा: डोळ्यांकडं वारा लागला तर परत बसवा. आत ओढा: मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे. चष्म्यावर वाफ धरली तर अँटी-फॉग शोधत बसू नका, वरून हवा गळतेय.

दाढी चालत नाही, दोन दिवसांची खुंटंसुद्धा. मिशीला परवानगी आहे, पण मास्कच्या आत मावेल एवढीच. कोल्हापुरी पीळ दिलेली मिशी कडेखाली आली की मास्क गेला कामातून. नाकातली मोठी चमकी, लोंबते कानातले आणि मंगळसूत्र आधी काढून पिशवीत.

ही दरवेळची तपासणी झाली. फिट टेस्ट (त्या माणसाला तो मास्क नीट बसतो का याची चाचणी) वेगळी, ती वर्षातून एकदा आणि मास्कची कंपनी किंवा साईज बदलली की पुन्हा. हूड डोक्यावर घेऊन आधी सॅकरिनचं पातळ द्रावण फवारायचं आणि गोड लागतं का ते विचारायचं. ज्याला चवच कळत नाही त्याची चाचणी ग्राह्य नाही, त्याला बिट्रेक्सचं कडू द्रावण वापरा. मग मास्क घालून घट्ट द्रावण, आणि एकेक मिनिट: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्यानं बोलणं, कमरेत वाकणं, परत साधा श्वास. दर ३० सेकंदांनी निम्मे फवारे पुन्हा. गोड लागलं की नापास. आधी १५ मिनिटं चहा, तंबाखू, काही नको.

काढायचा क्रम. गाऊन समोरून धरून ओढायचा म्हणजे मागच्या नाड्या तुटतात. आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत आणा, हातमोजे त्याच्याबरोबरच उलटे निघतात. हाताला अल्कोहोल रब, २० ते ३० सेकंद. केबिनबाहेर या, दार लावा. शील्ड किंवा गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. परत हात. मास्क शेवटी, पुढं वाकून, आधी खालचा पट्टा, मग वरचा, समोर हात न लावता. परत हात. दाराच्या काचेतून दुसऱ्या सिस्टरनं एकेक पायरी मोठ्यानं वाचायची. आतल्या बाईनं आठवणीवर काहीही करायचं नाही. घामानं भिजलेला, थकलेला माणूस पहिल्यांदा मास्कला हात घालतो.

आणि तो अख्खा पांढरा कव्हरऑल झेपत असेल तरच घ्या. दिसायला भारी, काढायला महाकठीण. लांब बाह्यांचा, पाणी न शिरणारा गाऊन माझ्या मते बरा.

उद्यमनगर_फिटर

डॉक्टर, सिस्टर, तुमचं सगळं बरोबर. पण हवेचं कुणी बोलंना म्हणून मी बोलतो.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत तोंडावर मारतो. १८ वर लावला म्हणजे हवा शुद्ध झाली असं काही नसतंय.

हिशोब बघा. १२ गुणिले १० गुणिले १० म्हणजे १२०० घनफूट. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर १४,४०० घनफूट, म्हणजे मिनिटाला २४० घनफूट बाहेर फेकाय पाहिजे. फॅनच्या पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतोय. पुढं जाळी, लूव्हर (तिरक्या पात्यांची झडप) आणि डक्टचं कोपर आलं की आकडा पडतो. म्हणून लावल्यावर मोजा: एक फूट बाय एक फूट तोंडावर अॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) धरला की सेकंदाला १.२ मीटर दिसाय पाहिजे. तेवढा असला की तुमचे २४० झाले.

जागा. फॅन पेशंटच्या डोक्याकडच्या भिंतीला, शक्य तेवढा खाली, दाराच्या समोरच्या अंगाला. हवा दारातनं, स्टाफवरनं, पेशंटवरनं, भाईर. उलटं बसवलं तर पेशंटची हवा तुमच्या नाकावरनं जाणार. भाईर फेकायची ती शेजारच्या खिडकीत नको, एसीच्या किंवा जनरेटरच्या तोंडात नको. कुठल्याही हवा घेणाऱ्या तोंडापासनं २५ फूट तरी लांब.

कोल्हापुरात अजून एक. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं येतोय. पश्चिमेच्या भिंतीला फॅन लावला की जुलैत वारा त्याच्या तोंडावरच बसतो आणि लूव्हरची पाती गंजून अर्धी मिटतात. पूर्वेला किंवा उत्तरेला जागा असली तर तीच धरा. नसली तर खाली तोंड केलेला काउल (पत्र्याची टोपी) लावा.

तपासायला उदबत्ती बास. दार लावून फटीजवळ खाली धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे, तरंगत बसला तर दाब नाही. खिडकी सील करा, दाराखाली अर्धा इंच फट ठेवा. सगळंच सील केलं तर फॅन हवा आणणार कुठनं? कागदावर फरक २.५ पास्कल असला की चालतो म्हणतात.

फॅन जमतच नसला तर हेपा प्युरिफायर (बारीक कण गाळणारं यंत्र), त्याचा सीएडीआर (गाळून दिलेल्या हवेचा आकडा) मिनिटाला २४० घनफूट. मग हवा गाळली जाते, पण निगेटिव्ह प्रेशर मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

रंकाळा_चौपाटी

दादा, हे कुणी इतकं सोडवून सांगितलं नव्हतं. मग नळी घातल्यावर खोली किती वेळानं उघडायची?

उद्यमनगर_फिटर

तासाला १२ बदल असतील तर ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं, ९९.९ टक्के जायला ३५. सहा बदल असले तर ४६ आणि ६९. फॅनच नसला तर घड्याळ बघून उपयोग नाही. आणि हा आकडा हवा नीट मिसळते असं धरून आहे. कोपऱ्यात कपाट आणि पडदा असला तर वर दहा मिनिटं धरा.

पन्हाळगड_७

काच किंवा अॅक्रिलिकची पेटी पेशंटच्या डोक्यावर ठेवायची, तिला हात घालायला दोन भोकं, हे २०२० मध्ये सगळीकडं होतं. ती का नको? उद्यमनगरात आजही कोणी ५ मिमीची शीट वाकवून देईल.

भूलवाला_शाहूपुरी

देईल, पण घेऊ नका. कल्पना तैवानच्या एका भूलतज्ञाची, आणि त्या महिन्यांत ती का पसरली ते समजू शकतो. नंतर मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) तपासलं तेव्हा नळी घालायला वेळ वाढला, काही वेळा पहिला प्रयत्न चुकला, आणि भोकांच्या कडांना घासून गाऊनच्या बाह्या फाटल्या. आणखी वाईट म्हणजे खोकल्याचे कण पेटीत साठून हाताच्या भोकातून झोतासारखे थेट नळी घालणाऱ्याच्या छातीवर येतात. अमेरिकेच्या एफडीएनं ऑगस्ट २०२० मध्ये निगेटिव्ह प्रेशर नसलेल्या अशा आवरणांची तातडीची सरसकट परवानगी मागं घेतली. बूजी बाजूनं आत घालून बघा, कोपर पेटीला अडतं.

तेवढ्या पैशात एक कफ मॅनोमीटर आणि डझनभर चांगले फिल्टर घ्या.

बायोमेड_गोकुळशिरगाव

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर. एचएमई (श्वासातली ऊब-ओलावा धरणारी डबी) आणि एचएमई-फिल्टर या दोन वेगळ्या वस्तू. नुसतं एचएमई ओलावा धरतं, विषाणू गाळत नाही. डबी सारखीच दिसते, म्हणून पाकिटावर विषाणू गाळण्याची टक्केवारी लिहिलेली आहे का वाचा. मोठ्या माणसाच्या एचएमई-फिल्टरची डेड स्पेस (वायूची अदलाबदल न होणारी फुकट जागा) साधारण ५० मिली, हे छोट्या टायडल व्हॉल्युममध्ये (एका श्वासाच्या हवेत) जाणवतं.

एक फिल्टर पेशंटच्या तोंडाशी, दुसरा व्हेंटिलेटरच्या एक्स्पिरेटरी तोंडाला. हीटेड ह्युमिडिफायर चालू असेल तर एचएमई काढा, दोन्ही एकत्र ठेवले की ते पाण्यानं तुडुंब होतं आणि रेझिस्टन्स वाढतो. नेब्युलायझरनं पण तेच. पीक प्रेशर (हवा आत जातानाचा सर्वांत जास्त दाब) हळूहळू चढतंय आणि प्लॅटो (श्वास रोखल्यावरचा दाब) तेवढाच आहे, तर पहिल्यांदा फिल्टर बदलून बघा. बदलायचा तो व्हेंटिलेटर स्टँडबायला टाकून.

कॅप्नोग्राफची सॅम्पल लाईन फिल्टरच्या मशिनकडच्या बाजूला लावा. पेशंटकडच्या पोर्टला लावली तर मिनिटाला दीडशे-दोनशे मिली न गाळलेला वायू मॉनिटरच्या मागून खोलीत येत राहतो. एका टोपणाची जागा चुकते, बाकी काही नाही.

रंकाळा_चौपाटी

आता नळी काढणं, सक्शन, आणि ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालणं). कण मोजणाऱ्यांच्या मते खोकला नळी काढतानाच ना?

भूलवाला_शाहूपुरी

हो, आणि तिथंच सगळे ढिले पडतात. नळी घालताना युद्धाचा पोशाख, काढताना साधा सर्जिकल मास्क. उलटं करा हवं तर.

काढण्याआधी क्लोज्ड सक्शन (सर्किट न सोडता नळीतलं ओढणं). तोंडातलं यांकॉरनं (कडक सक्शन नळीनं), पेशंट अजून गुंगीत असतानाच. मदतनीस एकच. लिग्नोकेन १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून दोन-तीन मिनिटं आधी दिलं की खोकला कमी होतो. नळीच्या तोंडाला फिल्टर तसाच ठेवून, तिच्या वरूनच ऑक्सिजन मास्क पेशंटच्या तोंडावर धरा, त्याखालून कफ सोडून नळी काढा. "जोरात खोका" म्हणायची जुनी सवय सोडा. उभं राहायचं बाजूला, डोक्याच्या मागं, पायथ्याशी कुणी नको. नळी थेट पिवळ्या पिशवीत नाही, लाल पिशवीत.

क्लोज्ड सक्शन कॅथेटर नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जाड नको: ८ च्या नळीला १२ फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचं माप), ७ ला १०. एका वेळी १० ते १५ सेकंद. कॅथेटर पूर्ण मागं ओढलं आहे का ते काळी खूण बघून ठरवा, अर्ध्यात राहिलं की नळीच चोंदते.

सर्किट सोडायची वेळ आली, म्हणजे ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर न्यायचं, तर क्रम असा. पेशंट शांत. व्हेंटिलेटर स्टँडबाय. श्वास भरलेला असताना नळीला क्लॅम्प. फिल्टर नळीवरच ठेवून, फिल्टरच्या पलीकडं सोडायचं. नवीन सर्किट जोडलं, क्लॅम्प काढला, व्हेंटिलेटर चालू. दात असलेला आर्टरी फोर्सेप्स लावू नका, नळीला भोक पडतं. गुळगुळीत जबड्याचा ट्यूबिंग क्लॅम्प घ्या, नसेल तर जबड्याला गॉज गुंडाळा. आतून तार असलेल्या नळीला क्लॅम्प कधीच नको, तार एकदा चेपली की परत गोल होत नाही. आणि क्लॅम्प लावला की हात त्याच्यावरच. चालू केल्यावर हाय प्रेशरचा अलार्म आणि कॅप्नोग्राफची सपाट रेघ आली तर आधी क्लॅम्प बघा.

ट्रॅकिओस्टॉमीत पूर्ण स्नायू शिथिल. श्वासनलिका कापायच्या क्षणी व्हेंटिलेटर थांबलेला, आणि सर्जननं "थांबलं का?" विचारल्यावर भूलवाल्यानं मोठ्यानं "थांबलं" म्हणायचं. तिथं डायथर्मी (विजेनं कापायचं हत्यार) नको, ऑक्सिजनमध्ये भडका उडतो.

सिस्टर_राजारामपुरी

डॉक्टरांच्या पिशव्यांना धरून एवढंच. नळी, सर्किट, हातमोजे, गॉगल, शील्ड, प्लास्टिकचा गाऊन लाल पिशवीत. एन-९५, टोपी, कापडी किंवा कागदी गाऊन पिवळ्यात. सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. जमीन आणि खाटेला १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट): ५ टक्क्यांच्या बाटलीचा एक भाग, पाण्याचे चार, रोज ताजा, १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. लॅरिंगोस्कोपच्या स्क्रीनला आणि धातूला तो लावू नका, गंज चढतो. पुन्हा वापरायचं ब्लेड आधी धुऊन, मग ओपीएमध्ये (जंतुनाशक द्रावणात) १२ मिनिटं, मग स्वच्छ पाण्यानं तीनदा.

मावशींना हे सगळं वाचून दाखवा, कागद हातात देऊन चालत नाही. केबिन झाडायला त्याच जातात, आणि त्यांनाच बऱ्याचदा सर्जिकल मास्कवर आत पाठवतात. वर सांगितलेली मिनिटं दारावर खडूनं लिहायची: "नळी ४.१०, उघडायचं ४.४५".

उद्यमनगर_फिटर

आणि फॅनचं बटण दाराबाहेर घ्या. आतलं बटण एसीच्या शेजारी असतंय. गार होईना म्हणून कुणीतरी हमखास बंद करतंय.